राखीव जोडी

लिहिताना मी 'मला' लिहिते, बोलताना 'मले' म्हणते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जो घोळ झाला तो आमच्या बोलण्यानंच केला. बाबा रेल्वेच्या ऑफिसात, मूळ गाव वर्धेकडचं. आम्ही दोघी बहिणी जन्मलो-वाढलो रायपूरला. घरात नागपुरी, शाळेत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. त्यातून कोणती भाषा कुठे संपते अन् कुठली सुरू होते ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि कोणी विचारलं तर आम्हाला रागच यायचा.

आता कोणी ऐकलं, की ही बाई एकेकाळी शिडाच्या होडीच्या शर्यती खेळायची, तर पहिला प्रश्न ठरलेला: रायपूरला समुद्र कुठून आला? विचारतात तेही हसत. माझं डोकं तिथंच सरकतं. अहो, होडीला पाणी लागतं आणि हवा लागते. पाणी तेलीबांध्याच्या तळ्यात होतं, हवा मे महिन्यात अशी सुटायची की गच्चीवरच्या चादरी शेजारच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सापडायच्या. अजून काय पाहिजे?

राज्य नवीन झालं होतं. आमचं गाव बघता बघता राजधानी झालं, आणि जिकडे पाहावं तिकडे पाट्यांवरचं भोपाळ खोडून रायपूर लिहिणं चालू होतं. नव्या राज्याला सगळंच स्वतःचं पाहिजे होतं, खेळांच्या टीमसुद्धा. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, धाकटी बारावीत. नोटीस लागली की ज्या मुलींना पोहता येतं त्यांनी नाव द्यावं. किती नावं आली असतील? चार. त्यातल्या दोघी पाण्यातली जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, पाहूनच घरी गेल्या. उरलो आम्ही.

शिकवायला जे सर होते ते नेव्हीतून रिटायर झालेले, मूळचे कोकणातले, लेक रायपूरला दिली म्हणून इथं येऊन राहिलेले. कुठून तरी ट्रकवर घालून त्यांनी दोन माणसांची एक जुनी डिंगी आणवली होती. आज तेलीबांध्याला फरशी आहे, दिवे आहेत, आइस्क्रीम आहे. तेव्हा अर्ध्या तळ्यात जलकुंभी आणि उरलेल्या अर्ध्यात म्हशी. सर धोतरासारखी पँट वर खोचून पाण्यात उभे राहायचे आणि म्हशींना हाकलत हाकलत आम्हाला वाऱ्याच्या दिशा समजावायचे. शीड फाटलं की पंडरीच्या ठोक बाजारात जाऊन छत्रीच्या कापडासारखं कापड आणायचं आणि आईच्या मशीनवर ठिगळ मारायचं. आई म्हणायची, "लोकाईच्या पोरी मशीनवर ब्लाउज शिवते, माह्या पोरी जहाज शिवून राहिल्या."

या होडीत एक मागे बसते, एक पुढे. मागची सुकाणू धरते आणि मोठं शीड सांभाळते. डोकं तिचं. पुढची लहान शीड ओढते, आणि हवा जोराची झाली की कमरेचा पट्टा डोलकाठीच्या तारेत अडकवून, दोन्ही पाय होडीच्या काठावर रोवून पाण्याच्या वर आडवी होते. तिच्या वजनानं होडी सरळ राहते. धाकटी चणीनं लहान, जिभेनं आणि हातानं चपळ. ती मागे. मी पाच फूट आठ इंच, हाडापेरानं मजबूत. ज्या उंचीपायी आई प्रत्येक पाहुण्यासमोर मला खाली बसवून ठेवायची, ती उंची पाहून सरांनी पहिल्याच दिवशी टाळी वाजवली. "हिला तारेवर घाला," म्हणाले.

तारेवरचं काय सांगू! तिथं पाठीखाली काही नसतं. पाणी इतकं जवळ की वेणीचं टोक भिजतं. होडी पळत असते आणि ती पळते आहे ती आपल्या भरवशावर, हे अंगाला कळत असतं. जन्मभर मला कोणी ना कोणी सांगत आलं होतं की आटप, सावर, कमी जागा घे. तिथं धाकटी मागून ओरडायची, "ताई, बाहेर हो, अजून बाहेर!" मी खरंच सांगते, असं सुख मला नंतर कशात मिळालं नाही. लग्नात नाही, नोकरीत नाही. लेक झाली तेव्हा मिळालं, पण ते वेगळं होतं, त्यात भीती होती.

भांडायचो आम्ही खूप. होडीत भांडायचो, काठावर भांडायचो, सायकलवर डबलसीट घरी येताना भांडायचो. सरांना आमच्या भांडणाचं काही वाटायचं नाही, त्यांना राग यायचा तो एकाच गोष्टीचा. होडीची बाजू बदलायची असली की मागची विचारते आणि पुढची हो म्हणाली की मगच सुकाणू वळवते. आम्ही याला पलटी म्हणायचो. धाकटी विचारायची, "पलटू?" मी म्हणायची, "हव." आणि पाण्यावरून जोराचा झोत येताना दिसला, म्हणजे ती काळपट सळसळ धावत येताना दिसली, की ओरडून सांगायचं कामही पुढचीचंच. तेव्हा मी ओरडायची, "हवा!"

सर कपाळावर हात मारायचे. "अगं बायांनो, होकाराला हो म्हणा. आणि वाऱ्याला वारा म्हणा. हव आणि हवा, त्या गोंगाटात कोणाला काय ऐकू जाणार?"

"सर, वारा कोन म्हन्ते?" धाकटी म्हणायची. "पुस्तकात असते वारा."

आम्ही दोघी खी खी हसायचो. चार दिवस 'हो' म्हणून पाहिलं. तोंडाला वळण पडेना. मला ते 'हो' पाहुण्यांसमोर बोलल्यासारखं वाटायचं. सोडून दिलं.

तीन वर्षं गेली अशी. लहानमोठ्या स्पर्धांत आम्ही आधी शेवटून पहिल्या आलो, मग मधे, मग एकदा तिसऱ्या. आणि मग ती निवड स्पर्धा आली, भोपाळच्या मोठ्या तळ्यावर. चार दिवस शर्यती, सगळ्या मिळून गुण, आणि जी जोडी पहिली येईल ती या दोन माणसांच्या होड्यांच्या जागतिक स्पर्धेला जाणार. परदेशात. खऱ्या समुद्रावर. दुसरी जोडी राखीव. पहिलीतली कोणी आजारी पडली तर राखीव जोडीनं जायचं, असं नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं.

आम्ही दोघींनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. फोटोत पाहिला होता, तेवढाच. पासपोर्ट मात्र आधीच करून घेतले, सरांचा हट्ट. चौकशीला पोलीस घरी आला, चहा प्यायला आणि बाबांना म्हणाला, "नाव चलाने विदेश जाएँगी? काहे, महानदी सूख गई क्या?" बाबा कधी नव्हे ते चिडले. रेल्वेत तीस वर्षं मान खाली घालून काम केलेला माणूस, पण त्या दिवशी पोलिसाला दुसरा चहा दिला नाही.

भोपाळला तीन दिवस आम्ही अशा चाललो की मला अजून आठवलं की अंगावर काटा येतो. शेवटच्या सकाळी आम्ही पहिल्या होतो. शेवटच्या शर्यतीत पहिल्या पाचांत आलो असतो तरी झालं असतं. आणि आम्ही तिसऱ्या चाललो होतो! शेवटचा टप्पा, हवेच्या तोंडावर चढत जायचा, हवा भन्नाट, मी तारेवर पूर्ण आडवी. मागच्या बाजूनं मुंबईच्या जोडीची होडी अगदी जवळ आलेली. पलटी घेताना दुसऱ्याच्या वाटेत यायचं नाही हा या खेळातला पहिला धडा, त्यामुळे ती पुढे निघून जाईपर्यंत आम्हाला थांबायचं होतं. मला ती दिसत होती. धाकटीची पाठ तिच्याकडे, नजर शिडावर; तिला ती दिसत नव्हती. त्याच वेळी मला समोर पाण्यावर मोठा काळा झोत दिसला.

धाकटीनं विचारलं, "पलटू?"

ते मला ऐकू आलंच नाही. मी झोताकडे पाहून ओरडले, "हवा!"

तिला ऐकू आलं, हव.

तिनं सुकाणू लोटलं. मी तारेवर होते तशीच राहिले आणि होडी माझ्यावर पालथी झाली. पाण्याखाली पट्ट्याची कडी काढताना मला वर धाडकन आवाज ऐकू आला. मुंबईच्या होडीचं नाक आमच्या कुशीत घुसलं होतं. मी वर आले तर त्यांनी तक्रारीचा लाल झेंडा लावलेला, आणि धाकटी पालथ्या होडीला धरून माझ्यावर ओरडत होती, "हव काहून म्हटलं? काहून म्हटलं हव?"

"हवा म्हटलं मी! हवा!"

"हव म्हटलं!"

दुपारी तक्रारीची सुनावणी झाली. टेबलामागे तीन पंच, इस्त्रीचे पांढरे शर्ट. त्यांनी धाकटीला विचारलं, पलटी का घेतली. ती म्हणाली, "दीदी ने हव कहा." पंच म्हणाले, "हव मतलब?" मग मला विचारलं. मी म्हटलं, "मैंने हवा कहा था." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण तर तोंडावर कागद धरून हसला. मला त्याच्या तोंडावरचा तो कागद ओढून फाडावासा वाटला. शर्यतीतून बाद. सगळ्या गुणांत आम्ही दुसऱ्या. पहिली आली ती मुंबईचीच जोडी. सर बाहेर झाडाखाली उभे होते. "मी सांगितलं होतं" असं म्हणाले असते तर मी त्यांच्या गळ्यात पडून रडले असते.

घरी आल्यावर पंधरा दिवस आम्ही तेच भांडण भांडलो. पोळी लाटताना, केस विंचरताना. हव म्हटलं, हवा म्हटलं. शेवटी आईनं लाटणं आपटलं. "आता या घरात कोनी हवही म्हनायचं नाही अन् हवाही म्हनायचं नाही. पंखा लाव म्हना फक्त."

आणि मग सरांकडे निरोप आला. मुंबईच्या जोडीतली सुकाणूवाली कावीळ होऊन पडली. डॉक्टरांनी दोन महिने पाण्यात जायचं नाही म्हणून सांगितलं. देवा, माफ कर, एका पोरीला कावीळ झाली आणि मी अंगणात नाचले. राखीव जोडी आम्ही! नियमात लिहिलेलं! मी संध्याकाळी गोल बाजारात जाऊन दोघींसाठी दोन एकसारख्या गरम बंड्या आणल्या, कारण तिकडचं पाणी थंड असतं असं सर म्हणाले होते. धाकटी बंडी अंगाला लावून आरशात पाहत राहिली. मला वाटलं, हिला विश्वास बसला नसेल अजून.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती सरांकडून आली. मी कणीक मळत होते. तिनं ओट्यावर एक टाइप केलेला कागद ठेवला.

"ताई, इथं सही पाहिजे."

कागद हिंदीत होता. निवड करणाऱ्यांचं म्हणणं असं की मुंबईची पुढची मुलगी तर जिंकलेली आहे, ठणठणीत आहे, तिचा हक्क कसा काढायचा? सुकाणूला तेवढी दुसरी कोणी द्यावी, आणि सुकाणूला सगळ्यांत चांगली म्हणजे आमची धाकटी. पण राखीव जोडी फोडायची तर जोडीतल्या दुसरीची लेखी परवानगी पाहिजे. खाली एक ओळ आणि सहीची जागा. मुझे कोई आपत्ति नहीं है.

मराठीत आपत्ती म्हणजे संकट. हिंदीत हरकत. माझ्यापुरतं दोन्ही खरं होतं.

मी मान वर केली तर धाकटी ओट्यापाशी नव्हती. आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करायला लागली होती. दार उघडं, पाठ माझ्याकडे. मी वाट पाहिली. मला वाटलं, येईल, म्हणेल, ताई, तू काय म्हणते? तेवढं एक वाक्य. कणीक हातावर वाळून गेली तरी ती आली नाही. मग मी हात धुतले, पुसले आणि सही केली.

स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. ती आई-बाबांच्या पाया पडली, मला मिठी मारली, डब्यात चढली आणि सरळ आत जाऊन बसली. खिडकी पलीकडची घेतली. गाडी सुटली तरी वळून पाहिलं नाही. आई म्हणाली, घाबरली असेल पोट्टी.

तिचा त्या स्पर्धेत नंबर काही फार वरचा आला नाही. पण ती परत आली ती दुसरीच होऊन आली. मग पुढच्या स्पर्धा, मग गोव्याला कोचिंगची नोकरी, तिथंच लग्न. तिथली लहान लहान पोरं तिला मॅडम म्हणतात. मी सरकारी ऑफिसात लागले. ऑफिस नव्या रायपूरला गेलं तशी मीही रोज बसनं तिकडे जाऊ लागले. आमच्या दोघींत काही बिघडलं नाही. भाऊबीज नाही तर नाही, पण राखी पौर्णिमेला आम्ही बहिणीच एकमेकींना राखी बांधायचो, ती आता पोस्टानं येते. फोनवर लोणच्याचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो. बिघडलं असतं तर बरं झालं असतं असं मला कधी कधी वाटायचं. भांडता आलं असतं.

समुद्र मी पाहिला नंतर. रायपूरची माणसं जातात तशी पुरीला गेलो होतो. नवऱ्यानं फोटो काढले, लेक लाटेत पडून हसली. मी वाळूत चपला घालून उभी. नवरा म्हणाला, "अवं, पाय तर भिजव!" मी म्हटलं, नको, सर्दी होईल. मला तो समुद्र पाहिजेच नव्हता. मला जो पाहिजे होता त्यात होडी होती, मागे धाकटी होती, आणि मी आडवी होते. नव्या रायपूरचे रस्ते रुंद आणि मोकळे. उन्हाळ्यात तिथं बसस्टॉपवर हवा अशी सुटते की बाया पदर धरून भिंतीला लागतात. माझे पाय आपोआप रोवले जातात, मी मागे रेलते. पंचेचाळिशी ओलांडलेली जाडी बाई बसस्टॉपवर मागे रेलून उभी. पाहणारे म्हणत असतील, हिला काय झालं. मला झालं ते इतकंच, की मला ते हवं आहे. अजून. तसंच्या तसं.

मागच्या दिवाळीत धाकटी आली होती. पाडव्याच्या संध्याकाळी, उजेड असतानाच, आम्ही दोघी तेलीबांध्याला फिरायला गेलो. तिथं आता पॅडल मारायच्या बदकाच्या बोटी आहेत. ती म्हणाली, "चल, बसू." मी म्हटलं, "लोक हसतीन." ती म्हणाली, "हसू दे." नारिंगी जॅकेटं घालून आम्ही दोघी बदकात बसलो. माझ्या बाजूला बदक कललं. ती हसली, मीही हसले. तळ्याच्या मधोमध आलो, आणि काही ठरवलेलं नसताना माझ्या तोंडून निघालं.

"तेव्हा मले हरकत होती."

कधी, कशाची, असं तिनं विचारलं नाही. समोर पाहत पॅडल मारत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत होतं."

"माहीत होतं? मंग विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतं. अन् तू नाही म्हटलं असतं तर मी गेली नसती ताई. मले जायचं होतं. म्हनून कागद ठेवला अन् पाठ फिरवली. स्टेशनवर बी तेच. तुह्याकडे पाहिलं असतं तर उतरली असती मी."

इतकी वर्षं मी समजत होते की तिला कळलंच नाही. लहान होती, हरखून गेली होती, नसेल सुचलं. त्याच्यावर मी निभावून नेलं होतं. आता ते पण गेलं.

"विचारायचं तर होतं वं," मी म्हटलं. "मी 'जा'च म्हटलं असतं. तुह्या आड आली असती का मी? मी 'जा' म्हटलं असतं."

तिचे पाय थांबले. माझे थांबलेलेच होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. केस पांढरे झालेत तिचे समोरचे, उन्हानं चेहरा रापला आहे. गंमत करत असेल असं वाटलं, पण ती गंमत करत नव्हती.

"मंग आता विचारतो," ती म्हणाली. "ताई, मी जाऊ?"

मी तोंड उघडलं. 'जा' म्हणायलाच उघडलं होतं.

"नको जाऊ," मी म्हटलं. "मले सोडून नको जाऊ."

काठावरचा माणूस शिटी वाजवून आमची वेळ संपल्याचं सांगत होता. आमच्या दोघींपैकी कोणीच पॅडल मारलं नाही.